बाच्या कागदातली रिकामी जागा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. ज्या पोरांसमोर जन्मभर खडू धरला, त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट उमगत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात घरातली ज्वारी संपली तेव्हा मी परभणीला कॉलेजात होतो. बा आणि गयाक्का पेडगावच्या सडकेवर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, सरकारी भरड पिठाचा कोरडा खाऊ. अक्का आपल्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी धाडायची. मी ती खायचो. ती काय खात असेल, असं मनात यायचं — पण खायचो.

आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी. बी.ए. झालो तेव्हा सगळा बौद्धवाडा बघायला आला होता. मला गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

आम्ही तिघं. थोरला किसनदादा, लग्न झाल्याबरोबर चूल वेगळी केलेला. मधली गयाक्का — जिंतूरकडं दिलेली, नवऱ्यानं दुसरी आणल्यावर परत आलेली. आणि धाकटा मी. आई लवकर गेली. बानं अठरा वर्षं दुसऱ्याच्या शेतात सालानं राबून अडीच एकर रान घेतलेलं होतं, स्वतःच्या नावावर.

त्या अडीच एकरावरून आमच्यात संशय होताच. दादाला वाटायचं, अक्का बाचे कान भरते. अक्काला वाटायचं, दादा बाच्या मरणाची वाट बघतोय. आणि मला? मला वाटायचं, हे दोघं एक होतील आणि म्हणतील — तू शिकलास, तुझा वाटा फिटला.

बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात बानं मला एकट्याला आत बोलावलं. दार लोटायला लावलं.

"सुधाकर, कागद कर. रान गयाच्या नावानं लिव्ह."

मी कोरा कागद काढला.

"किसनला हात हायेत. तुला अक्षर हाय. तिला काय हाय? आन् कुणाला बोलू नको. म्या जिता हाय तवर भांडणं नकोत मला."

मी लिहायला बसलो. किती छान अक्षर काढलं होतं — पूर्वेस नाला, पश्चिमेस बाभळीचा बांध, विहिरीत चौथा हिस्सा, काठाचा लिंब. 'माझ्या पश्चात हे रान' इथवर आलो आणि हात थांबला. ही उद्या नवऱ्याकडं परत गेली तर? रान जिंतूरला जाईल. का हिनंच बाला हे सुचवलं? — असले विचार. सुकडी धाडणारीबद्दल.

चार बोटं जागा मी मोकळी सोडली. 'हिने कसून खावे' असं पुढं लिहायचं, ते 'वारसाने कसून खावे' असं लिहिलं.

बा म्हणाला, "वाच."

मी वाचलं. आता ऐका — हेच सांगायला बसलोय. त्या मोकळ्या जागेपाशी आलो तेव्हा मी न अडखळता वाचलं, "माझी मुलगी गयाबाई हिने कसून खावे." कागदावर नसलेलं नाव मी बाला वाचून दाखवलं. बानं मान हलवली. म्हणाला, "झाक लिवलंस."

अंगठ्याला शाई नव्हती. अक्कानंच कंदिलाच्या काचेची काजळी तेलात कालवून दिली. कशासाठी, तिनं विचारलं नाही. अंगठा झाल्यावर पदरानं बाचा अंगठा पुसला. मग दोन साक्षीदार आले, त्यांनीही न वाचता अंगठे दिले. सुधाकरनं लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

स्वतःचं नाव टाकायची छाती नव्हती, तिचं टाकायचं मन नव्हतं. बस्, एवढंच.

पुढच्या साली बा गेला. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर बाची कागद ठेवायची पेटी उघडली. तिची किल्ली अक्काच्या कमरेला. कागद निघाला आणि मला परत वाचायला लावलं. या खेपेला मी आहे तसाच वाचला. नावापाशी थांबलो, जागा दाखवली.

दादा उसळला. "बा असा अर्धा कागद करील व्हय? माझंच नाव असणार. किल्ली कुणाकडं व्हती? कागद बदलला हिनं!"

अक्का म्हणाली, "मला लिवता येत असतं दादा, तर तुमची भाकर थापीत बसले असते का?"

"मंग लिवून घेतला असशील कुणाकडून!"

"तूच पेटी फोडली असशील. बा गेला त्या दिशी तूच आत गेलतास."

दोघं एकमेकांच्या जिवावर उठले. भावकी दोन्हीकडून बोलायला लागली. साऱ्यांवर संशय गेला — शेजाऱ्यावर, साक्षीदारांवर, जिंतूरच्या नवऱ्यावरसुद्धा. ज्यानं कागद लिहिला, त्याला कुणी विचारलं नाही. दादा तर म्हणाला, "सुधाकर शिकलेला हाय, तेच्यावर कशाला जाता?" मी खाली बघत बसलो. लोकांना वाटलं, दुःखात आहे.

शेवटी दादानं तिला पेचात धरलं — "खरी असशील तर तलाठ्याकडं चल. हक्क सोडते म्हून अंगठा दे. कागद बदलला न्हाई तर रानाचा लोभ कशाला?"

अक्का माझ्याकडं बघत राहिली. "सुधाकर, तू सांग. दिऊ?"

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "घरात शांती राहील, अक्का."

हक्कसोडीचा जबाबही मीच लिहिला. त्यात कुठंच जागा मोकळी सोडली नाही. तिला सगळा वाचून दाखवला, लिहिलं होतं तसाच. या खेपेला शाई तलाठ्याची होती. अंगठा तिनं स्वतःच पुसला.

त्यानंतर ती लोकांच्या रानात रोजानं खुरपायला जायची. दादाशी जन्मभर बोलली नाही. मात्र कसलाही कागद आला की तो घेऊन माझ्याच दारात यायची. म्हणायची, "तू वाचलंस म्हंजी खरं."

मी वाचून दाखवायचो.

रानाचे दोन भाग झाले. सातबाऱ्यावर सव्वा एकर किसनदादाच्या नावानं आहे आणि सव्वा एकर माझ्या.