ओवाळणीत न दिलेले औषध

डॉ. मालतीताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मुलाखतीत झाली. मी लोणारचा आणि त्या जवळच्याच साखरखेर्ड्याच्या, हे कळताच त्यांनी फर्मावले, "मंग आमचं काम तुह्या मायले समजन असं सांग." मी इंग्रजी संज्ञांतच अडकलो. शेवटी त्यांनीच सांगितले. चेतापेशी परक्या प्रथिनाला आत घेत नाही. पण वाढीचा संदेश आणणाऱ्या वाढघटकाला ती ओळखते. म्हणून औषधी प्रथिन त्यालाच जोडून पाठवायचे. "सोयऱ्यासंगं आलेल्याले कोनी दारात अडवते का?"

ऐकायला सोपे, पण यात ताईंची हयात गेली. काचेतल्या पेशींमध्ये जमले. उंदरांच्या मज्जारज्जूला मात्र सूज येई. तेवढ्यात कुणा उतावीळ वार्ताहराने 'औषध सापडले' असे छापले, आणि हातपाय गेलेल्या माणसांना घेऊन नातेवाईक साखरखेर्ड्याच्या घरी येऊ लागले. ताई सुटीत गावी जात, प्रत्येकाला चहा देत आणि औषध अजून झालेले नाही, हे स्वतः सांगत. हे काम त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांवर कधी ढकलले नाही.

सर्वांत अवघड नकार घरातच होता. धाकटे बंधू दिनकरराव यांना वडिलांचाच, घराण्यात चालत आलेला आजार जडला होता. चेतापेशी मरत होत्या, स्नायू वाळत होते. त्या भाऊबीजेला मी तिथे होतो. ताईंनी ओवाळले. ओवाळणी टाकायला दिनकररावांना हात उचलवेना.

"ताई, आंदा ओवाळनी तूच मले दे. ते औषध दे."

"उंदराइले सूज येऊन राह्यली, दिनू. तुले कसं देऊ?"

"मी तसाही मरूनच राह्यलो ना. मंग काऊन नाही?"

"मायाच हातानं मारू का तुले?"

ताईंनी त्यांना करंजी भरवली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. "सख्ख्या भावाले औषध नाही देल्लं," असे तेराव्याच्या पंगतीत लोक ताईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ताई त्याच लोकांच्या पानात वरण वाढत होत्या. इतकी कठोर माया मला झेपली नसती, हे मी उघड सांगतो.

आज ताईंची साठी आहे, आणि साठी झाली की विश्रांतीच्या शुभेच्छा देण्याची रीत आहे. मला ती पाळता येत नाही. सूज अजून पुरती थांबलेली नाही. आणि मागे एकदा जेवताना दिनकररावांच्या मुलीच्या, शुभांगीच्या, हातून भरला पेला सुटला. ती हसली, ताई हसल्या नाहीत.

ताई, तब्येतीला जपा. आपणांस दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. तेवढेच शुभांगीलाही लाभो.