काविळीचं ताक

माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि काकांनी गल्लीत सांगून टाकलं, कावीळ आहे. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघी त्यांच्याच घरी, त्यांच्याच शब्दात. त्यांच्या लेकीला तेव्हा अमेरिकेतल्या कंप्युटरवाल्याचं स्थळ आलेलं. "रक्ताचं नाव काढू नको गे, सोयरीक मोडेल," एवढंच मला बजावलं.

तंजावुरात कावीळ म्हटली की कीळानेल्ली. राजवाड्यामागची आमची अख्खी मराठी गल्ली तो पाला वाटून ताकात कालवून आणायची, मायेनं. हिच्या तोंडात फोड आलेले, तरी घोट घोट प्यायची बिचारी. हवं होतं रक्त. ते कुणी देईना, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. रक्ताच्या कॅन्सरवाल्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेची माणसं इस्पितळातून पत्ता घेऊन दारात आली. रक्त देणारे आम्ही आणतो म्हणाली. काकांनी ओसरीवरूनच सांगितलं, "असं कोणी इथं नाही." मी मागच्या दारानं बस स्टँडपर्यंत धावले, पण ती माणसं निघून गेली होती. त्याच आठवड्यात बहीण गेली.

रक्तानं ती वाचली असती का, देव जाणे. पण ते ठरवणारे हे कोण?

पुढे मी त्याच संस्थेत शिरले. रुग्णांना औषधं, रक्त मिळवून देताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण डोळा काकांच्या ओसरीवर होता. एका रामनवमीला देवळात सगळ्यांसमोर मी रक्तदान शिबिरासाठी ती ओसरी मागितली. अब्रूला जपणारा माणूस. नाही कसं म्हणणार?

शिबिराच्या दिवशी तिथं बहिणीचा फोटो लावला, खाली आजाराचं नाव. सगळ्यात जास्त ताक आणणारी शेजारची आजी फोटोसमोर थबकली.

"हिला कावीळ होती की रे?" तिनं काकांना विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटोचा हार सारखा केला.

"कॅन्सर होता," ते पुटपुटले.

"मग सांगायचं की! माझ्या पोरांनी काय रक्त दिलं नसतं?"

रक्त देऊन उठणाऱ्यांना मी कॉफी देत होते. काकांसाठी वेगळा पेला सकाळीच करून ठेवलेला, हिरवट, कडू.

"प्या काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "काविळीला चांगलं असतं."

ते प्यायले. पेल्याचा तळ दिसेपर्यंत मी समोरून हलले नाही.