हौसेरावांची अक्षरं

धनाजीकाका फोनवर कुजबुजत होते. "साहेब, तुमच्या पानाला माझ्या डोळ्यांचं कसं कळालं?"

साताऱ्याकडचे धनाजीकाका वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर बसतात. संगणकावर भाव बघायचे आणि फोन करून गावोगाव सांगायचे, हे त्यांचं काम. इंटरनेटवरचं भावांचं ते पान मी बनवलेलं. आदल्या दिवशी मी हुशारीनं त्यात एक ओळ टाकली होती: 'पान दुप्पट मोठं दिसतंय. नेहमीएवढं करू?'

गाळ्यावर गेलो, तर मॉनिटरला लिंबू-मिरची. आमच्या शाळेतला संगणक दसऱ्याला झेंडूचा हार घालून बसायचा, चालू मात्र कधी व्हायचा नाही. त्यामुळे मला हसायचा हक्क नव्हता, तरी हसलो.

"काका, ते तुम्हाला बघत नाही. नुसती खिडकी मोजतं. हॉल तेवढाच, पंगतीला दहा पाट मावायचे तिथं पाचच मावले, म्हणजे पाट दुप्पट झाले. एवढंच कळतं त्याला."

"पर पाट मी मोठं केलंच न्हाईत. बसलो तवापास्नं असंच हाय."

मग उलगडलं. त्यांच्याआधी या खुर्चीत हौसेराव होते. त्यांची नजर गेली तसं गाळ्याचे शेठ म्हणाले, 'गावी जा, आराम करा.' वर्षाच्या आत हौसेराव वारले. अक्षरं त्यांनीच मोठी करून घेतलेली. ब्राउझर असलं सगळं लक्षात ठेवतो. माणूस गेला, हे त्याला कोण सांगणार?

"करू लहान?" मी माऊसकडे हात नेला. काकांनी मनगट धरलं.

"आधी लई मोठी वाटायची. म्हनायचो, बैलाला वाचायला ठेवलीत का." ते पडद्याला नाक लावून बसले होते. "आता बराबर वाटत्यात."

मी माऊसकडचा हात मागे घेतला.

"काय रे, बिघडलं का?" शेठ आत आले. काकांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर पंजा ठेवला. शेठना कळलं असतं, तर यांनाही गावी आरामच होता.

"काही नाही शेठ, पान मीच मोठं बनवलंय. हल्ली फॅशन आहे."

संध्याकाळी ती ओळ काढून टाकली. बाकी कशाला हात लावला नाही.

परवा पुन्हा फोन. "साहेब, अक्षरं बारीक केली का हो तुमी?"

मी काहीच बदललं नव्हतं. पलीकडून हमालांचा गलका ऐकू येत होता.

"हो काका, मीच केली," म्हणालो. "करतो परत मोठी."

"मग ठीक हाय. मला वाटलं, हौसेरावांनी बोलावणं धाडलं."