गाळलेला उंदीर

आमच्या हसनाबादच्या वस्तीत एक रीत आहे. शिकायला बाहेर गेलेलं पोर सुटीत घरी आलं, की एका संध्याकाळी त्यानं विहारात उभं राहायचं आणि आपण काय शिकतो ते सगळ्यांना सांगायचं. मला ही रीत आवडायची, कारण मला बोलायला आवडतं आणि टाळ्या त्याहून जास्त आवडतात.

मी उंदरांच्या किडनीवर संशोधन करते. उंदराच्या एका किडनीची लघवीची नळी बांधली, की थोड्याच दिवसांत त्या किडनीत वण पडायला लागतात. भाजल्यावर कातडीवर राहतो तसा वण, फक्त आतून. वण वाढत गेले की किडनी निकामी होते. वण वाढवायला लावणारं एक जनुक आहे, त्याला गप्प करणारं औषध आम्ही उंदराला टोचतो आणि मग वण कमी पडतात. एवढंच. आमच्या कामात या ‘एवढंच’ला फार महत्त्व आहे.

विहारात बोलायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी अण्णांना विचारलं, पोरगी काय करती? अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. त्यांनी चेष्टेत सांगितलं, “उंदरं संभाळती.” ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी भाषणातून मी उंदीरच गाळला. खोटं असं एकही वाक्य बोलले नाही. “जनुक गप्प केलं की किडनीतले वण कमी होतात, आम्ही ते करून दाखवलंय,” एवढं म्हणाले. पहिल्या रांगेत मामा बसला होता, धावड्याहून खास आलेला. तो वर्षभर डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जालन्याला जात होता. सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या. निदान त्याच्याकडे पाहून तरी माझी जीभ अडखळायला हवी होती. अडखळली नाही.

मामी त्याला आपली किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या, कागदपत्रंही होत आली होती. चार महिन्यांनी मला मामीचा फोन आला.

“तुहा मामा ऑपरेशनला न्हाई म्हणून राह्यला. भाचीचं औषध येऊन राह्यलं, मंग तुहं अंग कशाला चिरायचं, म्हणतो. तू बराबर सांग, कधी येणार हाय?”

मी काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते. “वेळ लागतो, मामी,” असं म्हणाले. तेही खरंच होतं. फोन ठेवल्यावर स्वतःची किळस आली, आणि तरीही मी परत फोन केला नाही.

जालन्याला जायला मला आणखी महिना लागला. मामा डायलिसिसच्या खाटेवर होता, अंगानं निम्मा झालेला, पाय सुजलेले. मामी पायथ्याशी स्टुलावर बसली होती. मी उभ्याउभ्याच, खालच्या आवाजात सांगून टाकलं. हे सगळं उंदरांवर झालंय. माणसाला अजून काहीच दिलेलं नाही. आणि उद्या औषध आलं तरी तुझ्या किडन्या गेल्यात मामा, त्या परत येणार नाहीत. मामीची घे.

मामानं मशीनवरची नजर माझ्याकडे वळवली.

“मंग विहारात उंदीर का न्हाई म्हणली?”

“लोक हसतील म्हणून.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त मामीकडे मान वळवली. “डॉक्टरला जाऊन सांग, करू म्हणा. जल्दी करू.” मामी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, सुटले.

मग मामानं मोकळ्या हातानं शेजारची खाट दाखवली. तिथं पंचविशीतला एक तरुण झोपला होता आणि उशाशी त्याची आई बसली होती.

“त्याची माय त्याला किडनी देऊन राह्यली व्हती,” मामा हळू आवाजात म्हणाला. “मीच त्यायला थांबा म्हणल्तं. आता तूच सांग त्यायला.”

मी तिकडे गेले. ती बाई मला ओळखत होती. तिनं बाकावर सरकून मला जागा केली.

“बस बाई,” ती म्हणाली. “तुह्या मामानं लई सांगितलं तुह्याबद्दल.”