पावती देतो तो खरा

माझे मामू, तय्यब मास्तर, भाजीवालीकडूनसुद्धा पावती मागायचे. ती हसायची, रांगेतल्या बायका हसायच्या, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लातुरात आमचा टायपिंगचा क्लास होता. मी, जेबा, त्यांच्या बहिणीची मुलगी, तिथं मुलींची बॅच घ्यायची. घरी आमची दखनी उर्दू, क्लासात मराठी, आणि संशय दोन्हीकडं सारखाच. कुणी दारात येऊन नुसतं "नमस्कार मास्तर" म्हणालं, तरी मामू आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडं बघायचे.

या संशयाचं मूळ भूकंपात होतं. त्र्याण्णव साली मामू आपलं टायपिंगचं मशीन घेऊन किल्लारीच्या बाजूला गेले आणि चिंचेखाली टेबल टाकून मदतीच्या याद्या टाइप करत बसले. ट्रकमागून ट्रक यायचे, फुकट वाटप चालायचं. ज्याची भिंतही पडली नव्हती, असा एकजण तीन तंबू घेऊन गेला. आणि चतुराबाई नावाच्या बाईचं अख्खं घर गेलं होतं, तर तिचं नाव असलेलं यादीचं पानच कुठंतरी गहाळ झालं. "मी स्वतः टाइप केलंय तुमचं नाव," असं मामू तिला सांगत राहिले. पण दाखवायला हातात कागद नव्हता, आणि ती बाई रिकाम्या हातानं परत गेली. तेव्हापासून त्यांनी एक कायदा केला. फुकट देणाऱ्याकडं पावती नसते, आणि पावती नसली की उद्या कुणाचा गळा धरायचा? पावती देतो तो खरा.

सरकारनं मशीनवरची टायपिंगची परीक्षा बंद करून कॉम्प्युटरवरची आणली, त्या साली आम्ही आठ कॉम्प्युटर घेतले. पत्र लिहायचं, तक्ता करायचा, तर ऑफिसचं सॉफ्टवेअर लागणार. गावभर ते चोरून टाकलेलंच चालायचं. पण मामूंना ते पटेना. "चोरीच्या मालावर पोरींना शिकवू व्हय?" म्हणाले. मग दोनच वाटा उरल्या. एक सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट मिळत होतं, कुणीही उतरवून घ्यावं. दुसरं विकतचं होतं, पण विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी किमतीत.

मी फुकटच्या बाजूनं होते.

"नाव कुठं लिहायचं त्यात?" मामूंनी विचारलं.

"लिहायचंच नाही. ते काहीच विचारत नाहीत."

"काहीच न्हाई? ज्याला माझं नाव नको, पैसा नको, त्याला माझं काय पाहिजे मग?"

तरी त्यांनी दोन्हींची परीक्षा घेतली. एकच पत्र आमच्याकडं फुकटच्यावर आणि बाजारातल्या एका दुकानात विकतच्यावर टाइप केलं, छापलं, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. जवळपास सगळ्या ओळी जुळल्या. फक्त फुकटच्या कागदावर एक शब्द खालच्या ओळीत उतरला होता. मामूंना तेवढंच पुरलं. "आज शब्द उतरला, उद्या पोरगी उतरंल निकालात," म्हणाले, आणि विषय संपला.

त्यानंतर रेवणसिद्ध आला. उदगीरकडचा, गळ्यात टाय, बोलणं साखरेचं. कुठल्याशा एजन्सीकडून विद्यार्थी सवलतीचं सॉफ्टवेअर विकत होता. त्यानं एक छापील तक्ता पुढं ठेवला. त्यात मुलीचं नाव, गाव, वडिलांचा मोबाइल नंबर आणि दहावीचे टक्के भरून द्यायचे होते.

"सॉफ्टवेअरला वडिलांचा नंबर कशाला? आणि टक्के?" मी विचारलं.

"ताई, सवलत विद्यार्थ्यांची हाय. विद्यार्थी असल्याचा पुरावा नको का?"

मामू चक्क खूश झाले. पुरावा मागणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी छत्तीस मुलींची माहिती प्रवेशाच्या फॉर्मवरून स्वतः टाइप केली. हुस्ना नावाच्या मुलीच्या वडिलांकडं मोबाइल नव्हता, म्हणून तिच्या नावापुढं आपलाच नंबर टाकला. रेवणसिद्धनं नंबर घातलेली, शिक्का मारलेली पावती दिली. मामूंनी ती फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली.

सॉफ्टवेअर खरं होतं, हे सांगायला हवं. मुली भराभर शिकू लागल्या. त्यात सगळ्यात पुढं होती रेणापूरची वर्षाराणी. दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवून टायपिंगला आलेली. लातुरात एवढे टक्के मिळवलेल्या पोरीला कोचिंगवाले रस्त्यात अडवतात. पण तिला दोन वर्षं डॉक्टरकीच्या मागं धावायचं नव्हतं, कोर्टात क्लार्क व्हायचं होतं. तिचे वडील शेषेराव यांनी मोठ्या मुश्किलीनं तिला वर्षभर लातुरात राहू दिलं होतं, तेही फक्त टायपिंगसाठी, बाकी कशात पडायचं नाही या अटीवर.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि वर्षाराणी यायची बंद झाली. तिच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "तिचे वडील येऊन घेऊन गेले. कोण्या क्लासचा फोन आला म्हणं, तुमच्या मुलीनं आमच्याकडं नाव घातलंय, फी कवा भरता? सामान उचललं अन् चला म्हणले."

मामूंनी लगेच तिच्यावरच संशय घेतला. "पोरगी गुपचूप गेली आसंल कोचिंगला. चौऱ्याण्णव टक्क्यांची हवा डोक्यात जाती," म्हणाले. मला इतका राग आला, की संध्याकाळी मी त्यांना सोडून एकटीच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन वाजला. "हुस्नाचे वडील का? अभिनंदन! अठ्ठ्याऐंशी टक्के! आमच्या बॅचला तिनं नाव दिलंय."

मामूंनी फोन कानापासून दूर धरला. हुस्नाच्या नावापुढं त्यांचा नंबर जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता, त्यांनी स्वतः टाइप केलेल्या त्या यादीत. रेवणसिद्धनं यादी कोचिंगवाल्यांना विकली होती. पावतीवरच्या नंबरला फोन लावला, तर तो बंद.

मामूंनी ती पावती उचलून खणात टाकली. मग म्हणाले, "जेबा, नवी पोरगी आली की तुझं फुकटवालंच टाक. ज्याला नाव नको, त्याच्याकडून नाव फुटत तरी न्हाई." आणि चपला घालत म्हणाले, "अन् चल, रेणापूरला जायचंय."

शेषेरावांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, पण बोलणं तुटक. "मास्तर, पोरगी खोटं बोलली. न्हाई पाठवत."

"यादी मी दिली, पाटील. सवलतीच्या नादात. तिला काहीच ठावं न्हाई."

"तुम्ही तिची बाजू घ्यायलात."

तेवढ्यात शेषेरावांचा मोबाइल वाजला, त्याच क्लासचा. मामूंनी हात पुढं केला. शेषेरावांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि फोन दिला. मामूंनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला.

"बोला. वर्षाराणीचा बाप बोलायलोय."

"काका, किती दिवस झाले! तुमची मुलगी स्वतः आमच्या ऑफिसात आली होती. तिच्या हातचा फॉर्म माझ्यासमोर आहे, सही आहे तिची."

"कोणत्या तारखेला आली होती?"

"याच सोमवारी. मीच बसवलं तिला खुर्चीवर."

सोमवारी वर्षाराणी रेणापुरात, याच घरात होती. शेषेरावांनी फोन हिसकून बंद केला. "याच्याच बोलण्यावर मी तिला घेऊन आलो," ते म्हणाले, आणि आत बघून हाक मारली, "वर्षे, बॅग भर. मास्तर आलेत न्यायला."

ती दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता.

"बाबा, तुम्ही परक्या माणसाचं ऐकलं. मला एकदा इचारलं आसतं तर?" मग ती मामूंकडं वळली. "अन् सर, तुम्ही बाबांचा नंबर दिला, माझे टक्के दिले. तुम्हीबी न्हाई इचारलं. तुम्ही दोघंबी लई सावध माणसं. पर मला कुणी इचारलं?"

आणि मीही विचारलं नव्हतं. ती यादी तपासायला मामूंच्या शेजारी मीच बसले होते.

"चुकलं बेटा," मामू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. शेषेरावांनी तिची भरलेली बॅग उचलली आणि स्टँडपर्यंत आमच्या पुढं चालत आले. एसटीत आम्ही चढलो, तर खिडकीखाली उभे राहून बॅग वर दिली. वर्षाराणीनं ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि गाडी सुटेपर्यंत बापाकडं पाहिलं नाही.