घेवरच्या डब्याचं झाकण

मोहितेमामा साइटवर निघाले की पाठीमागे पँटच्या पट्ट्यात पुठ्ठ्याचं एक झाकण खोचून घ्यायचे. घेवर या राजस्थानी मिठाईच्या डब्याचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वारा घ्यायला घेतलं असेल. जयपूरचा मे महिना होता, दुसरं काय वाटणार! पण मामांनी ते झाकण लांबूनच पोकलेनच्या होज पाइपजवळ धरलं आणि हळूहळू सरकवत नेलं. एका जागी पुठ्ठ्यावर बारीक काळा ठिपका उमटला.

"बघा की साहेब, इथं भोक आहे. डोळ्याला दिसायचं नाही, पण बोट नेलंत तर दाबाचं तेल कातडीच्या आत घुसेल. मतलब, सुईसारखं."

आमचं वर्कशॉप विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात. मी सांगलीचा, बी.ई. मेकॅनिकल, सर्व्हिस इंजिनिअर. मामा कराडचे, आयटीआय झालेले, पण तीस वर्षं जयपुरात मशिनी दुरुस्त करत होते. हुद्द्याने मी वर, पण ते फक्त कागदावर. खाणमालकांचे फोन यायचे, "इंजिनिअर साब, आप भी आ जाना, पर मामाजी को ज़रूर लाना." आप भी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रविवारी मामा आमच्याकडे तिलक नगरला आले की बायको त्यांना आग्रह करकरून पोहे वाढायची आणि वर मलाच म्हणायची, "शिका जरा मामांकडून." काय शिकू? पुठ्ठा खोचायला?

मामांचं सगळं सावकाश चालायचं. आधी बकेट जमिनीला टेकवायची, मग इंजिन बंद, मग लिव्हर हलवून पाइपातला दाब मोकळा करायचा, तेव्हा कुठे पाना हातात. घाई केली की म्हणायचे, "अहो, दमून आलेल्या माणसाला आपण आधी पाणी विचारतो की नाही? मशीनलाही श्वास सोडू द्या, मग हात लावा." गिऱ्हाईक कौतुकाने मान डोलवायचं आणि मी घड्याळ बघायचो.

एका सकाळी माझं डोकंच फिरलं. सीकर रोडच्या पुढे एका खाणीवर जायचं होतं. मामा चहाला गेले तेवढ्यात मी ते झाकण गुडघ्यावर ठेवून मधोमध दुमडलं आणि भंगाराच्या पिंपात कोंबलं. बघू या म्हटलं, पुठ्ठ्याशिवाय म्हातारा काय करतो ते.

खाणीवर पोकलेनच्या बूमच्या, म्हणजे लांब हाताच्या, होजमधून तेलाचं धुकं उडत होतं. मामांनी पाठीमागे हात नेला, गाडीत शोधलं, मग शांतपणे म्हणाले, "इंजिन बंद करा. मी चहाच्या टपरीवरून खोकं आणतो." खाणमालक वैतागला. त्याचे ट्रक रांगेत उभे होते. मला हेच तर हवं होतं! मामा वळले तसा मी हातमोजा चढवला आणि म्हणालो, "खोकं कशाला? हा बघा, आत्ता सापडतो." आणि चालू इंजिनवर होजवरून हात फिरवला.

काटा टोचल्यासारखं झालं, एवढंच. मोजा काढला तर तर्जनीवर टाचणीएवढं छिद्र. रक्ताचा थेंबही नाही. मी हसलो.

मामांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "गाढवा, हसतोस काय! बस गाडीत!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं. वाटेत एका दवाखान्याची पाटी दिसली, तर मी म्हणालो, "इथे मलमपट्टी करू." ते थांबलेच नाहीत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन डॉक्टरांना म्हणाले, "साहब, छेद मत देखिए. प्रेशर का तेल अंदर गया है." तोवर बोट सुजून ठणकायला लागलं होतं. तासाभरात मला ऑपरेशनला घेतलं. तळव्यापर्यंत चिरून तेल धुऊन काढावं लागलं. डॉक्टर नंतर म्हणाले, सकाळवर टाकलं असतं तर बोट गेलंच असतं, कदाचित हातही.

वर्कशॉपच्या मालकाने चौकशी केली तेव्हा मामा सरळ म्हणाले, "चूक माझी. पुठ्ठा मीच विसरलो." मी पलंगावर पडून ऐकत होतो. तोंड उघडायला हवं होतं, पण नाही उघडलं. उलट मनात काय आलं असेल? हात माझा फाटला, आणि मोठे झाले पुन्हा हेच! एवढा मी नालायक.

पुढच्या वर्षी मामा काम सोडून कायमचे कराडला लेकीकडे निघाले. स्टेशनवर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो होतो. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून खिडकीतून माझ्या हातात दिलं.

घेवरच्या डब्याचं झाकण. तेच. मधोमध घडी पडलेली, वरून चिकटपट्टी लावलेली.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पिंपात वरच होतं. राहू दे जवळ, अजून चांगलं चालतंय."

गाडी हलली. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या नावाचा, मानाचा हेवा केला होता. त्या दिवशी त्यांच्या मनाचा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही. मी उजवा हात वर करून हलवत राहिलो. पाचही बोटं शाबूत होती.