बोलेल तो चीत

सांगलीच्या तालमीत आम्ही दोघे एकाच वजनाचे होतो आणि सगळ्या भांडणाचं मूळ तेच होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेदाण्याच्या तासगावकडचा, तो कोयनानगरच्या वसाहतीतला. मी खाली गेलो की तो म्हणायचा, "बेदाणा वाळला रं!" तो पडला की मी ओरडायचो, "पळा, कोयनेत भूकंप झाला!" त्यावर अंगावरची लाल माती झटकत तो म्हणे, "आमच्यात रोज हालतंय गड्या. तुज्या धक्क्यानं कपबशी बी वाजत न्हाई." जिभेनं तो माझ्यापेक्षा चपळ होता आणि मला कुस्ती हरण्यापेक्षा ह्याचाच जास्त राग यायचा.

राज्याच्या स्पर्धेला आमच्या वजनात तालमीतून एकच जण जाणार होता. वस्तादांनी आमची कुस्ती लावली आणि वर अट घातली. "तुमच्या तोंडांचा लय वीट आलाय. आज जो बोलंल, त्यो चीत."

आम्ही एकमेकांच्या अंगाला माती लावली आणि भिडलो. एवढी मुकाट कुस्ती त्या तालमीनं कधी पाहिली नसेल. टोमणे घशापर्यंत यायचे आणि गिळावे लागायचे. शेवटी तो खाली आला. मी वर चढून त्याला उताणा करायला घिस्सा डाव ओढला. पाठ मातीला टेकणार, एवढ्यात तो कण्हला. माझ्या तोंडून निघून गेलं, "लागलं का रं?"

"बोलला! बोलला!" भोवतीची पोरं नाचायला लागली.

मी खवळलो. "आवं वस्ताद, आदी त्योच कण्हला की!"

वस्तादांनी मिशीवर हात ठेवून गंभीरपणे विचार केला. "कण्हणं म्हंजे बोलणं न्हवं," ते म्हणाले. मी हरलो होतो. ह्यानं नाटक केलं अशी माझी खात्रीच झाली आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो उलटून एक अक्षर बोलेना. तेव्हा कुठं माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. खांदा निखळला होता.

म्हणून स्पर्धेला मी निघालो. एसटी स्टँडवर तो हात गळ्यात अडकवून आला. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"माज्या जागंवर चाललायस, ध्यानात ठेव," तो म्हणाला.

मी भडकलो. "तुजी जागा कशी रं? कण्हला नसतास तर चीत हुतास!"

तो खुशीत हसला. "हां, आता जा. मगाधरनं असा गप हुतास, मला भ्या वाटलं. असलं तोंड घिऊन कोण कुस्ती जिकतंय व्हय?"

गाडी सुटली. कऱ्हाड येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होतो आणि त्याला द्यायचं उत्तर मनात जुळवत होतो.